केबल इंटरनेटला राउटर जोडताना : वेग हवा, तशीच सुरक्षाही

चेन्नई : केबलद्वारे घरात येणारी इंटरनेट जोडणी मुळात एका उपकरणासाठी असते. संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि मुलांचा टॅब या सर्वांना ती वाटून देण्याचे काम राउटर करतो. हे उपकरण बसविणे अवघड नाही. मात्र वायर कोठे लावायची, मोडेम काही वेळ बंद का ठेवायचा आणि पासवर्ड का बदलायचा हे माहीत नसेल, तर पैसे मोजूनही वेग मिळत नाही. शिवाय अन्य कोणाच्या कृत्याची चौकशी ग्राहकाच्या दारी येऊ शकते.

केबलच्या जाळ्याशी चेन्नईचे नाते जुने आहे. सेट टॉप बॉक्सद्वारे निवडक वाहिन्या पाहण्याची ‘कॅस’ पद्धत सप्टेंबर २००३ मध्ये याच शहरात प्रथम लागू झाली. सिंगापूरशी जोडणारी ‘आयटूआय’ ही सागरी केबल २००२ पासून येथे पोहोचली आहे, तर चेन्नई ते अंदमान-निकोबार या सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या सागरी केबलचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२० रोजी झाले. मात्र समुद्र ओलांडून आलेला वेग अनेकदा दिवाणखान्यातून शयनगृहापर्यंत जाताना मंदावतो.

एक पत्ता, अनेक उपकरणे

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता लागतो. जुन्या, परंतु अजूनही सर्वत्र वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीत असे सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत. जागतिक पातळीवरील त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे सेवा पुरवठादार घराला सहसा एकच पत्ता देतो. राउटर तो स्वतःकडे घेतो आणि घरातील उपकरणांना १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. बाहेरून आलेली माहिती कोणत्या उपकरणाने मागितली होती, याची नोंद ठेवून तो ती योग्य ठिकाणी पोहोचवतो. मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावरील टपाल प्रत्येक सदनिकेत पोहोचविणाऱ्या रखवालदारासारखे हे काम आहे.

जोडणीचा क्रम

केबल इंटरनेट घरात तीन प्रकारे येते. दूरचित्रवाणीच्या जाड गोल केबलमधून आल्यास मोडेम लागतो, ऑप्टिकल फायबरमधून आल्यास त्यासाठीचे वेगळे उपकरण लागते, तर काही इमारतींत सामायिक स्विचमधून नेटवर्कची वायर थेट घरात येते. तिन्ही प्रकारांत बाहेरून आलेली नेटवर्कची वायर राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची असते. ती ‘लॅन’ पोर्टमध्ये लावणे ही नेहमी होणारी चूक आहे.

यानंतर राउटरला सेवेचा प्रकार सांगावा लागतो. काही पुरवठादारांकडे पत्ता आपोआप मिळतो, तर काहींकडे ‘पीपीपीओई’ प्रकारासाठी वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरावा लागतो. ही माहिती तंत्रज्ञ घरी असतानाच लिहून घेणे श्रेयस्कर ठरते.

सर्व जोडूनही इंटरनेट सुरू न होण्याचे एक कारण वेगळेच असते. प्रत्येक उपकरणाला ‘मॅक’ नावाचा हार्डवेअर क्रमांक असतो आणि केबल मोडेम आपल्याला प्रथम जोडलेल्या उपकरणाचा क्रमांक लक्षात ठेवतो. संगणक काढून तेथे राउटर लावल्यास मोडेम त्याला ओळखत नाही. अशा वेळी मोडेमचा वीजपुरवठा काही मिनिटे बंद ठेवून तो पुन्हा सुरू करावा. पुरवठादाराने आपल्या यंत्रणेतच तो क्रमांक नोंदविला असेल, तर नव्या राउटरचा क्रमांक कळवावा लागतो.

पुरवठादाराच्या उपकरणातच राउटर असल्यास त्यामागे दुसरा लावल्याने पत्त्यांचे वाटप दोनदा होते आणि ऑनलाइन खेळ, घरातील कॅमेरे यांना अडचण येते. त्यावर उपाय म्हणून पहिले उपकरण ‘ब्रिज’ पद्धतीवर किंवा दुसरे ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवता येते.

वेग कोठे हरवतो?

जुन्या आणि स्वस्त राउटरचे पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतच वेग देतात. योजना ३०० मेगाबिटची असली, तरी अशा राउटरमधून त्याहून अधिक वेग मिळत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी लांब पोहोचतात, पण शेजारच्या घरांतील राउटरही त्याच लहरी वापरत असल्याने तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झ लहरी अधिक वेगवान असल्या, तरी काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. त्यामुळे राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या हवेत ठेवावा. चेन्नईच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून वारंवार बंद पडू शकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात विजा कडाडत असताना वीजजोडणीबरोबरच बाहेरून आलेली धातूची केबलही काढून ठेवावी.

उघडे वायफाय, बंद न होणारी चौकशी

अहमदाबादमध्ये २६ जुलै २००८ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांपूर्वी प्रसारमाध्यमांना पाठविलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोहोचला होता. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वायफायचा गैरवापर झाल्याचे तपासात पुढे आले. तोपर्यंत त्या व्यक्तीला चौकशीला सामोरे जावे लागले होते. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना जारी केल्या. जोडणीचा पत्ता ग्राहकाच्या नावावर असल्याने तपासाची सुरुवात त्याच्यापासून होते.

धोका केवळ शेजारपाजारचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन जगातील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळित केली होती.

म्हणून राउटर सुरू होताच दोन पासवर्ड बदलावेत : एक वायफायचा आणि दुसरा राउटरच्या नियंत्रण पृष्ठाचा. सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत सहज भेदता येते. पाहुण्यांसाठी स्वतंत्र ‘गेस्ट’ जाळे ठेवावे आणि राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे.

वेग कमी वाटल्यास संगणक वायरने थेट मोडेमला जोडून चाचणी घ्यावी. तेथे पूर्ण वेग मिळाला, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या जागेत आहे. तेथेही वेग कमी असेल, तर पुरवठादाराकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच पुरवठादाराच्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागण्याची तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत आहे.