पित्तमार्गातील अडथळा : मोठ्या शस्त्रक्रियेविना दिलासा

स्वादुपिंड, पित्ताशय अथवा पित्तनलिकेच्या कर्करोगात पित्ताचा मार्ग बंद होतो व रुग्णास कावीळ होते. अंगाला सुटणारी खाज त्यास रात्रभर झोपू देत नाही. अन्नावरची वासना उडते. गाठ काढणे शक्य नसले तरी हा त्रास कमी करता येतो, हे आम्ही नातेवाइकांना आवर्जून सांगतो.

तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या प्रारंभापर्यंत नेऊन अरुंद नलिकेत स्टेंट बसविला जातो. १९७९ साली हॅम्बुर्ग येथील डॉ. निब सोहेंद्रा यांनी या पद्धतीचा पाया घातला. दुर्बिणीने साधले नाही, तर त्वचेतून सुई यकृतात नेऊन मार्ग काढतात. प्लास्टिकचा स्टेंट स्वस्त, परंतु साधारणतः ३ महिन्यांत तुंबतो. धातूचा जाळीदार स्टेंट महाग, पण अधिक काळ खुला राहतो व पुनःपुन्हा दाखल होण्याचे कष्ट वाचवितो. देणगीदारांचे साहाय्य येथेच मोलाचे ठरते.

या उपचाराने कर्करोग बरा होत नाही. स्वादुपिंडास सूज वा जंतुसंसर्ग संभवतो. थंडी वाजून ताप आल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे. मात्र कावीळ उतरल्यावर काहींना केमोथेरपी देता येते, आणि अनेकांचे उरलेले दिवस घरच्या माणसांत अधिक स्वस्थतेने जातात.