‘नीट’ पुन्हा द्यायची का?

‘नीट’चा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी, की मिळेल तिथे प्रवेश घ्यावा? नातेवाईक, शेजारी, क्लासवाले आपापले मत देऊन मोकळे होतात. वर्ष मात्र मुलाचे जाते आणि पैसा अब्बांच्या खिशातला. म्हणून हा निर्णय घाईने किंवा लोकलाजेपायी होऊ नये, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, नुसत्या गुणांवर जाऊ नका. २०२४ च्या अंतिम निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मिळाले. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण खाली येतात. त्यामुळे “अजून पन्नास गुण मिळाले असते तर” हा हिशेब फसवा आहे. आपला क्रमांक पाहावा, आणि आपल्या प्रवर्गाची राज्यातील शेवटची जागा गेल्या वर्षी कितव्या क्रमांकाला गेली, ते पाहावे. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश नव्हे, हेही ध्यानात असू द्या. २०२५ मध्ये बारा लाखांवर विद्यार्थी पात्र ठरले; एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास.

दुसरी गोष्ट, गुण गेले कुठे? उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची शेजारी ठेवून मुलासोबत बसा. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. अंदाजाने खुणा करून गुण गेले असतील, वेळ पुरला नसेल, आजारपण आले असेल, किंवा अकरावीचे फिजिक्स कच्चे राहिले असेल, तर वर्षभरात फरक पडू शकतो. पण दोन वर्षे मनापासून अभ्यास करूनही सराव परीक्षांत गुण एकाच जागी अडकले असतील, तर त्याच क्लासमध्ये तेच पुन्हा करून फारसे हाती लागत नाही.

परीक्षा किती वेळा द्यावी यावर आज मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. त्यामुळेच एका वर्षाची तीन वर्षे कधी होतात ते कळत नाही. सुरुवातीलाच घरात ठरवून टाका : एकच वर्ष, आणि त्यानंतर काय, तेही आजच.

एमबीबीएस नाही म्हणजे सगळे संपले, असे नाही. बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, फिजिओथेरपी यांचे राज्यातील प्रवेशही ‘नीट’वरच होतात. युनानीसाठी उर्दू, अरबी किंवा फारसीच्या शिक्षणाची अट असते, ती आधी तपासून घ्यावी. मात्र आवड नसताना केवळ नावापुढे ‘डॉक्टर’ लागावे म्हणून प्रवेश घेणे, हा मुलावर अन्यायच.

रिपीट करायचे ठरले, तर अभ्यासाबरोबर कागदपत्रांचे काम हाती घ्या. अत्तार, बागवान, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हातात नसेल तर हक्काची जागा निसटते. पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला वेळ जातो. तो याच वर्षात शोधा.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलगा कमी पडला की “एक वर्ष आणखी दे, बेटा” म्हणतो. मुलगी थोडक्यात हुकली की स्थळे पाहायला लागतो. तिचे गुण त्याच्यापेक्षा जास्त असले, तरीही! संधी द्यायची तर दोघांना एकाच मापाने द्या. तिला वर्ष दिलेत, तर त्या वर्षात घरकाम आणि पाहुण्यांचा राबता तिच्या माथी मारू नका. अभ्यासाला कोपरा आणि वेळ नसेल, तर ते वर्ष दिले असे म्हणता येत नाही.

शेवटी मुलालाच विचारा, आणि एकांतात विचारा. अम्मी-अब्बांना वाईट वाटेल म्हणून मुले ‘हो’ म्हणतात. “मला नाही द्यायची” हे ऐकून घेण्याची तयारी ठेवून विचाराल, तेव्हाच खरे उत्तर मिळेल. त्या उत्तरावर मेहनत करायची ती मुलाने. दुआ आणि सोबत घरच्यांची.