नाद कॅमेऱ्याचा, हिशोब हार्ड डिस्कचा

तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरातल्या प्रत्येक वेडिंग फोटोग्राफरला एकच प्रश्न छळतो- यंदा नवीन काय घ्यायचं? कॅमेरा, लेन्स की कॉम्प्युटर? प्रश्न त्यांचा असला तरी उत्तराशी आपलाही संबंध आहे. कारण अल्बम आपला असतो!

भटजींचं शेवटचं ‘सावधान’ संपतं. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, बाहेर बॅण्डवाला सुटतो आणि नवरा-नवरी एकमेकांकडे ‘पहिल्यांदा’ बघतात. (सहा महिने रोज रात्री फोनवर बोलत असले तरीही!) हा सगळा मामला फार तर दोन-तीन सेकंदांचा. इथे रीटेक नाही. अंतरपाट पुन्हा धरा म्हणून कुणाला सांगता येत नाही.

माझ्या ताईच्या लग्नात नेमकं तेच हातचं गेलं. २०१६ सालची गोष्ट. फोटोग्राफरचा कॅमेरा उत्तम, माणूसही भला. पण जेवणाच्या पंगती बसल्या आणि त्याचं मेमरी कार्ड उघडेना. अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंतचं सगळं त्याच कार्डावर. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून झालं. परत आलेल्या फोटोंमध्ये अर्धा चेहरा आणि खाली राखाडी पट्टे. त्यातच कुठेतरी ताईच्या डोक्यावर अक्षता टाकणारी आजी होती. पुढच्या वर्षी आजी गेली. कुणा काकांच्या मोबाईलमधला एक हललेला फोटो तेवढा शिल्लक आहे.

हे सगळं परत आठवायला कारण झाला माझा मावसभाऊ. आमचा दादा राजारामपुरीत स्टुडिओ चालवतो. सीझनच्या तोंडावर त्याने मला गाठलं. बँकेच्या कर्जासाठी खरेदीची यादी नीट लिहून हवी होती. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने ती खरडलेली. पहिल्या नंबरवर नवीन मिररलेस कॅमेरा, दुसऱ्यावर लेन्स, तिसऱ्यावर ड्रोन. कॉम्प्युटर अगदी तळाला आणि हार्ड डिस्क? तिचं नावच नाही. मग काय, दोन संध्याकाळी आणि कितीतरी चहा या यादीची उलथापालथ करण्यात गेले.

नाद जुनाच आहे

कोल्हापूरकराला कॅमेऱ्याचा नाद असण्यात नवल काहीच नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने इथेच १९१८मध्ये देशी बनावटीचा मूव्ही कॅमेरा उभा केला. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ बनवला, तो १९२०मध्ये पडद्यावर आला. १९२९मध्ये प्रभातचा जन्मही याच गावात झाला, पुण्याला ती गेली १९३३मध्ये. खरी कॉर्नरला तर चक्क कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे! अशा गावात नवा कॅमेरा आला आणि पोरांनी तो हातात घेऊन बघितला नाही, असं कसं होईल?

पण बाबूरावांचा काळ वेगळा होता. त्यांना कॅमेरा बनवावा लागला, कारण तो मिळत नव्हता. आज तो इतका मिळतो की दर दोन वर्षांनी आपल्या हातातला जुना वाटायला लागतो. २००८मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला आणि स्टिल कॅमेऱ्यानेच सिनेमासारखा व्हिडीओ निघू लागला. लग्नाची ‘कॅसेट’ जाऊन ‘वेडिंग फिल्म’ आली ती त्यानंतर. २०१८मध्ये सोनीचा ए७ थ्री आला. डोळा शोधून त्यावरच फोकस धरून ठेवणाऱ्या मिररलेसने मग लग्नाच्या मांडवात आपलं बस्तान बसवलं.

हा फरक खरा आहे, नुसती हवा नाही. हळदीच्या धिंगाण्यात पळत्या करवलीचा डोळा शार्प मिळणं म्हणजे कमाल! शिवाय मंगलाष्टकांच्या मध्ये खटॅक-खटॅक आवाज नाही. पण याच ‘सायलेंट शटर’ची गोम अशी, की हॉलमधल्या एलईडी लाईटखाली अनेक मॉडेल्समध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटतात. ज्याला हे माहीत आहे तो लाईट बघून मेकॅनिकल शटरवर येतो. ज्याला माहीत नाही, त्याच्या अल्बममध्ये नवरीच्या शालूवर जादाचे काठ!

लेन्सचीही तीच गत. कॅननच्या जुन्या लेन्स अॅडॅप्टर लावून नव्या मिररलेसवर छान चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर मात्र जुन्या ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, कारण त्या लेन्स फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची. म्हणजे बॉडी घेतली की पाठोपाठ लेन्सचाही खर्च आलाच.

अर्ध्या टीबीचं लग्न

आता जरा गणित. हळद आणि लग्न मिळून दोन माणसं सहज चार हजार फोटो काढतात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाईल ३० एमबी धरली तरी १२० जीबी झाले. १०० एमबीपीएसवर फोरके व्हिडीओ तासाला ४५ जीबी खातो. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास म्हणजे २७० जीबी. बेरीज चारशे जीबीच्या आसपास. ड्रोनचं शूटिंग आणि प्री-वेडिंग धरलं तर एक लग्न म्हणजे अर्धा टीबीच की!

चारशेच धरू. सीझनला पंचवीस लग्नं केली तर दहा टीबी. प्रत्येकाची एक जादा कॉपी ठेवली तर वीस. आणि दादाच्या यादीत हार्ड डिस्कचं नाव नाही! (हे त्याला दाखवल्यावर तो पाच मिनिटं गप्प होता. कोल्हापुरी माणूस पाच मिनिटं गप्प म्हणजे प्रकरण सीरियस.)

आता वेळेचं बघा. चारशे जीबीची दुसरी कॉपी जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून करायला तीन तासांहून जास्त लागतात. साध्या हार्ड डिस्कवर बऱ्या पोर्टवरून पाऊण तास, एसएसडी ते एसएसडी पंधरा मिनिटांच्या आत. रात्री दीडला पाठवणी आटपून आलेला, सकाळी सातला दुसऱ्या हॉलवर जाणारा माणूस तीन तास जागून कॉपी करेल? नाही करणार. ‘उद्या बघू’ म्हणेल. आणि फोटो हरवतात ते याच ‘उद्या’त.

कॅमेरा पळतो, कॉम्प्युटर धापा टाकतो

खरी गंमत पुढे आहे. नवे कॅमेरे टेन-बिट ४:२:२ एच.२६५ नावाच्या प्रकारात व्हिडीओ देतात. रंग सुरेख, फाईल आटोपशीर. पण ही फाईल उलगडायची सोय बऱ्याच महागड्या ग्राफिक्स कार्डांत नव्हतीच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समध्ये ती आहे, एनव्हिडियाच्या कार्डांत ती थेट २०२५च्या आरटीएक्स ५० सीरिजमध्ये आली. म्हणजे दोन लाखांचा कॅमेरा घ्यायचा, घरी येऊन क्लिप टाइमलाइनवर टाकायची, आणि नवरदेवाची वरात स्क्रीनवर अडखळत, ठेचकाळत चालताना बघायची. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या वजनाच्या तात्पुरत्या फाईली बनवून काम भागतं, पण त्यात पुन्हा रात्र जाते.

एआयचंही तसंच. २०२३च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआय डिनॉईज आलं. अंधाऱ्या हॉलमधला दाणेदार फोटो ते झक्कास साफ करतं. पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही सेकंदांत, नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत. दादाचा पीसी सहाव्या पिढीतला. इथे नाद नाही, गरज आहे.

यादीत मी आणखी एक गोष्ट घुसवली- मॉनिटरचं कॅलिब्रेशन. स्क्रीनवर मोरपंखी दिसणारी पैठणी अल्बममध्ये निळी छापून आली, की दोष लॅबचा आहे असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा मॉनिटरच खोटं बोलत असतो. कोल्हापुरी साजाचं सोनं पिवळं दिसावं, पितळी नको, म्हणून हा खर्च. कॅमेऱ्याच्या मानाने तो किरकोळ आहे.

पाणी विचारून येत नाही

आणि आता शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, दसरा चौकात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांचं काय झालं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पूर येतो सीझन संपल्यावर. नेमका तेव्हाच, जेव्हा उन्हाळ्यातल्या लग्नांचे अल्बम अजून कॉम्प्युटरमध्ये पडून असतात.

गावाने ही किंमत आधीही मोजली आहे. १९४८च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ‘मीठ भाकर’ त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा बनवला. सिनेमा पुन्हा बनवता येतो. ताईचं लग्न नाही.

म्हणून फंडा सोपा आहे- तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. स्टुडिओ राजारामपुरीत असेल तर एक डिस्क घरी, वरच्या मजल्यावर. आणि त्याच्याही आधी, कॅमेऱ्यातच दोन कार्डं. निकॉनने २०१८मध्ये झेड ६ला एकच कार्ड दिलं होतं, २०२०च्या झेड ६ टूला दोन दिली. एका कार्डावर लग्न सोडायचं नाही हे निदान कंपन्यांना तरी कळलं.

पैसा उभा कसा करायचा?

मुद्रा योजनेतल्या ‘किशोर’ गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणी असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळतं, म्हणून बिल पक्कंच घ्यावं. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅम महागली, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा हिशोब आता जपून करायचा.

सेकंडहॅण्ड बॉडी घेताना शटर काउंट बघा. कॅननच्या ५डी मार्क थ्रीचं शटर दीड लाख क्लिकसाठी रेट केलेलं. चार हजार फोटोंची पंचवीस लग्नं म्हणजे सीझनला एक लाख क्लिक, दोन बॉडींत वाटले तरी प्रत्येकी ५० हजार. म्हणजे तीन सीझनचा कॅमेरा ‘फक्त तीन वर्षं वापरलेला’ नसतो, रिटायरमेंटला आलेला असतो!

बुक करण्याआधी हे विचारा

- कॅमेऱ्यात दोन कार्डं आहेत का, आणि दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड होतं का?
- लग्नाच्या रात्री किती कॉपी होतात? त्यातली एक दुसऱ्या जागी जाते का?
- जादा कॅमेरा बॉडी सोबत असते का?
- आमचे फोटो किती महिने ठेवणार? (आणि आपणही पहिल्याच दिवशी स्वतःची डिस्क घेऊन जा!)
- ‘कुठला कॅमेरा?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

दादाची यादी अखेर उलटी झाली. आधी डिस्क आणि कार्डं, मग कॉम्प्युटर आणि मॉनिटर, मग एक लेन्स. कॅमेरा यंदा मोठ्या लग्नांना भाड्याने आणायचा. ड्रोनवर त्याने स्वतःच काट मारली, जरा जड हाताने.

यादी संपल्यावर तो म्हणाला, ताईचा तो हललेला फोटो दे, नव्या मशीनवर आजीचा चेहरा एआयने नीट करून देतो. मी ताईला फोन लावला. ती जरा वेळ थांबली आणि नको म्हणाली. हललेली असली तरी ती आजी आहे, नीट केलेली कोण असेल ते तिला माहीत नव्हतं. दादाने तो फोटो तसाच, न छेडता, तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलाय.