शेपटीच्या टोकाचा मागोवा

आम्ही पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होतो तेव्हा शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकात कुत्र्याच्या शेपटीच्या वाट्यास फार तर अर्धे पान येई, आणि त्या अर्ध्या पानातही शेपटीस जखम झाल्यास काय करावे याहून जखम होण्यापूर्वीच ती कशी छाटावी याचेच विवेचन अधिक असे. पुढे चाकरीच्या निमित्ताने पोलिसांच्या श्वानपथकाशी माझा पुष्कळ वर्षे संबंध आला, आणि विलायतेत याच शेपटीवरून जो वाद पेटला त्याची कात्रणे मी हौसेने जमवीत गेलो. आज ती पुन्हा चाळताना ध्यानात येते की त्या वादात शेपटीविषयी जेवढे बोलले गेले त्याच्या मानाने तिच्या टोकावरच्या, चार आण्याच्या नाण्याएवढ्याही न भरणाऱ्या जखमेविषयी फारच थोडे बोलले गेले.

शेपूट छाटण्याची चाल जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन कृषिग्रंथकार कोलुमेल्ला सांगतो की पिल्लू चाळीस दिवसांचे झाले म्हणजे त्याच्या शेपटीतली शीर दातांनी धरून तोडावी, म्हणजे शेपूट बेढब वाढत नाही आणि, मेंढपाळांच्या म्हणण्याप्रमाणे, कुत्रे पिसाळतही नाही. इंग्लंडात १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला, तेव्हा शेपूट छाटलेल्या बांड्या, म्हणजे राबत्या, कुत्र्यांना माफी मिळे अशी आख्यायिका तिकडे आजही सांगतात. ज्याच्या नावाने डोबरमन ही जात ओळखली जाते तो आपोल्डा गावचा जर्मन गृहस्थ स्वतः कराची वसुली करणारा कामदार होता, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. १९५९ साली मुंबई पोलिसांचे श्वानपथक उभे राहिले ते डोबरमन कुत्र्यांवरच, आणि डोबरमन म्हटला की तो बांडाच असावयाचा, हे आमच्या पिढीने इतके गृहीत धरले होते की त्याला जन्मतः लांबसडक शेपूट असते हे सांगितल्यावर खुद्द पोलिसांतलीच माणसे हसत.

ब्रिटनमधल्या शिकाऱ्यांचे म्हणणे मात्र करमाफीचे किंवा रूपाचे नव्हते. तिकडे स्पॅनियल जातीच्या कुत्र्याचे काम आपल्याकडच्या हाकाऱ्यांसारखे. ब्रँबल आणि गॉर्स यांच्या काटेरी जाळ्यांत शिरून त्याने फेझंट पक्षी उठवावयाचा. हे कुत्रे कामाच्या भरात शेपूट असे काही वेगाने हलवते की काट्यांवर आपटून तिचे टोक सोलवटते, आणि दिवसाअखेर कुत्रे बाहेर येते ते कमरेपासून मागे रक्ताने माखून. म्हणून पिल्लू तीन-चार दिवसांचे असतानाच शेपटीचा भाग छाटून टाकावा, हा त्यांचा पिढीजात शिरस्ता.

या शिरस्त्यास पहिला धक्का स्कँडिनेव्हियात बसला. स्वीडनने १९८९ साली शेपूट छाटण्यास बंदी घातली, आणि थोड्याच वर्षांत जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर पाळणाऱ्यांनी आपल्या कुत्र्यांची पाहणी करून तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांच्या शेपट्या जखमी झाल्याचे जाहीर केले. ही पाहणी फिर्यादीनेच स्वतः केलेल्या पंचनाम्यासारखी होती, ही प्रतिपक्षाची तक्रारही गैर नव्हती. ब्रिटनमध्ये तेथील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने १९९२ च्या नोव्हेंबरात, वैद्यकीय कारणावाचून शेपूट छाटणे व्यवसायनीतीस सोडून आहे असा निर्णय दिला, आणि १ जुलै १९९३ पासून पशुवैद्यावाचून इतर कोणासही ते करण्याची मुभा उरली नाही. पुढे २००७ साली इंग्लंड व वेल्स यांनी बंदी घातली, पण काम करणाऱ्या कुत्र्यांपुरती सवलत ठेवली. पिल्लू पाच दिवसांहून मोठे नसावे, आणि ते पोलीस, लष्कर, संकटातील सुटका, उपद्रवी प्राण्यांचा नाश किंवा शिकार यांपैकी कोणत्या कामास जाणार याचा दाखला पशुवैद्यापुढे यावा, अशी ती अट. स्कॉटलंडने तेवढीही सवलत न ठेवता सरसकट बंदी केली. एकाच राज्यछत्राखाली नदीच्या या काठी एक कायदा आणि त्या काठी दुसरा, असा प्रकार झाल्याने संशोधकांना मात्र आयतेच क्षेत्र मिळाले.

येथून पुढे वाद आकड्यांवर आला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील ५२ दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांची नोंद तपासली गेली, आणि त्यांत शेपटीची दुखापत आढळली अवघ्या २८१ कुत्र्यांत. म्हणजे एक जखम टाळावयाची तर सुमारे ५०० पिल्लांच्या शेपट्या छाटाव्या लागतील असा हिशेब निघाला. बंदीच्या पुरस्कर्त्यांना याहून काय हवे होते? मीही त्या वेळी त्यांच्याच बाजूचा होतो, आणि हे कात्रण मी मित्रांना आवर्जून दाखवीत असे. चार वर्षांनी ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील २,८६० काम करणाऱ्या कुत्र्यांच्या धन्यांकडून मागविलेली एका शिकार-हंगामाची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा शेपूट शाबूत असलेल्या स्पॅनियल कुत्र्यांपैकी शेकडा ५६.६ कुत्र्यांना त्या एकाच हंगामात निदान एकदा तरी जखम झाल्याचे निघाले. हे कात्रण मी कित्येक दिवस कोणास दाखविले नाही.

वस्तुतः दोन्ही आकडे खरेच होते. पहिल्या मंडळींनी गालिच्यावर लोळणारी कुत्रीही मोजली, दुसऱ्यांनी केवळ काट्यांत शिरणारी मोजली. शिवाय दुसऱ्या पाहणीत ज्यांना या प्रश्नाचे दुःख होते तेच धनी उत्तर देण्यास अधिक उत्सुक असणार, हेही उघड होते. त्याच विद्यापीठाच्या जोड-अभ्यासात दवाखान्यांतील नोंदींवरून पाहता, एका स्पॅनियलची शेपूट मोठेपणी कापण्याची वेळ टाळण्यासाठी ३२० पिल्लांच्या शेपट्या छाटाव्या लागतील असे निघाले. जखम होणे वेगळे आणि ती दवाखान्यापर्यंत येणे वेगळे. पुष्कळशा जखमा शिकारी माणूस घरीच हळद-तेलाच्या जातीचे काहीतरी लावून निभावून नेतो. अखेर २१ जून २०१७ रोजी स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने ८६ विरुद्ध २९ मतांनी आपलाच कायदा शिथिल केला. स्पॅनियल आणि शिकार हुडकून थबकणाऱ्या, मग ती उचलून आणणाऱ्या जातींपुरता, आणि तोही शेपटीच्या शेवटच्या तृतीयांशापुरता. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यात अंगच्छेदास मनाई आहे, आणि २०११ साली पशुवैद्यक परिषदेने शेपूट छाटण्याविरुद्ध परिपत्रक काढल्यावर त्यावरून कोर्टकज्जेही झाले. परंतु आपल्याकडच्या पोलिसी कुत्र्यास ब्रँबलच्या जाळीत कोण पाठवितो?

आणि तरीही शेपट्या फुटत होत्याच, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१० च्या त्याच अभ्यासात एक ओळ अशी आहे की तिच्याकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे लक्ष दिले नाही: कोंडवाड्यासारख्या खोलीत राहणाऱ्या आणि शेपूट रुंद फेकून हलविणाऱ्या कुत्र्यांना धोका कित्येक पटींनी अधिक. ही ओळ वाचताच मला एका जिल्ह्याच्या श्वानपथकातील लॅब्रेडोर कुत्री आठवली. स्फोटके हुंगण्याचे तिचे काम, स्वभाव अतिशय मायाळू, आणि राहण्याची खोली चार फूट रुंद. मी दारात गेलो तर चुन्याच्या दोन्ही भिंतींवर गुडघ्याच्या उंचीवर रक्ताच्या शिंतोड्यांची कमानदार नक्षी उठलेली. मी तिला सांभाळणाऱ्या हवालदारांना विचारले, ‘‘कोणी मारलं हिला?’’ तर ते ओशाळून म्हणाले, ‘‘नाही हो डॉक्टरसाहेब, मी आलो की खुशीनं आपटते. मी रजेवर गेलो की बरी होते.’’

शेपटीच्या टोकाची रचनाच अशी की जखम तेथे सहजासहजी भरून येत नाही. वीसेक मणक्यांची ती साखळी टोकाकडे निमुळती होत जाते, कातडीखाली मांसाचा थर जवळजवळ नसतोच, रक्ताचा पुरवठा बेताचा. आणि खपली धरते न धरते तोच शेपूट पुन्हा भिंतीवर. पट्टी घट्ट बांधावी तर टोकाकडचे रक्त तुटून ते काळे पडण्याची भीती, सैल बांधावी तर दुसऱ्या झटक्यासरशी ती खोलीच्या कोपऱ्यात. मी मोठ्या पिचकारीच्या रिकाम्या नळकांड्यास भोके पाडून त्यात टोक बसविले आणि नळकांडे वरच्या केसांना चिकटपट्टीने जखडले. कुत्र्याची शेपूट नळीत घालून काय होते ते मराठी माणसास सांगावयास नको. सहा आठवडे नळीतला तो प्रयोग चालला, नळकांडी तीन फुटली, आणि जखम जेथल्या तेथे. शेवटी पूर्ण भूल देऊन, सांध्यांतून कापून, मणक्यांवर कातडीची झापड ओढून टाके घातले. त्यांतले दोन चौथ्या दिवशी हवालदार साहेबांच्या दर्शनाने उसवले. पाच दिवसांच्या पिल्लास जे क्षणात होते ते चार वर्षांच्या कुत्रीस केवढ्याला पडते हा शिकाऱ्यांचा मुद्दा त्या रात्री मला पटला. आणि पटूनही, जिला कोणी काट्यांत पाठविलेच नव्हते तिची शेपूट भिंतीने खाल्ली, हे काही मनातून जाईना.

शेपूट लटकणे हा आणखी एक निराळा प्रकार, त्यात जखम दिसतच नाही. थंड पाण्यात पोहून आलेल्या किंवा श्रमाने थकलेल्या कुत्र्याची शेपूट मुळाशी चारदोन बोटे आडवी राहून पुढे ओल्या दोरीसारखी खाली पडते. धनी घाबरून हाड मोडले म्हणून घेऊन येतो. शेपटीच्या मुळाच्या स्नायूंना झालेली ती इजा असते हे अमेरिकेतील पॉइंटर कुत्र्यांच्या अभ्यासाने १९९९ साली दाखविले, आणि २०१६ साली एडिंबरोच्या रॉझलिन संस्थेने लॅब्रेडोर कुत्र्यांत ती काम, पोहणे आणि उत्तरेकडील थंड मुलूख यांच्याशी निगडित असल्याचे मांडले. विश्रांती व वेदनाशामक यांनी ती काही दिवसांत आपोआप उतरते. आमच्या पथकातले एक कुत्रे पुराच्या बंदोबस्ताहून असे परतले तेव्हा मी ते कात्रण वाचलेले होते म्हणून बरे. नाहीतर मीही क्ष-किरणांसाठी गाडी मागविली असती.

त्या लॅब्रेडोर कुत्रीची शेपूट दोन महिन्यांनी, तिसऱ्या हिश्श्याने आखूड होऊन, भरून आली. पुढे पथकासाठी नवी इमारत मंजूर झाली आणि तिचा नकाशा माझ्याकडे सहीसाठी आला, तेव्हा पाहतो तो खोलीची रुंदी तीच, चार फूट. मी शेरा मारून नकाशा परत धाडला. बांधकामाच्या दप्तरातून विचारणा आली की वाढीव दोन फुटांचे प्रयोजन काय. मी लिहिले, ‘‘शेपूट.’’ तो कागद ‘‘स्पष्टीकरण अपुरे’’ या शेऱ्यानिशी परत आला, आणि इमारत चार फुटांचीच झाली. हवालदारांनी मग बाजार समितीतून तुरीची रिकामी पोती आणली, दोन्ही भिंतींना गुडघ्याच्या उंचीवर दुहेरी ठोकली, आणि दर शनिवारी ती उतरवून उन्हात टाकण्याचे काम स्वतःकडे ठेवले.