दिल्याने टिकणारे फूल

ब्रिटनमध्ये मार्च उजाडला, की बागांच्या ओलसर, सावलीच्या कोपऱ्यांत जमिनीलगत फिकट पिवळी फुले उमलू लागतात. हा प्रिमरोझ. तो ज्या प्रजातीतला आहे, तिचे नाव प्रिम्युला. लॅटिनमधल्या 'पहिला' या अर्थाच्या शब्दावरून ते पडले, कारण थंडी सरताना सर्वांत आधी फुलणाऱ्या झाडांत त्याची गणना होते. फुले ओसरली, की हौशी बागकाम करणाऱ्यांची लगबग सुरू होते. माजलेला गड्डा उपटायचा, मुळे धुवायची, हाताने त्याचे चार-पाच भाग करायचे, दोन पुन्हा लावायचे आणि उरलेले ओल्या शेवाळात गुंडाळून शेजाऱ्याला, मित्राला, मंडळातल्या सभासदाला द्यायचे. आपल्याकडे शेवंतीच्या काश्या मागून आणतात, तसाच हा प्रकार.

वरवर पाहता ही केवळ हौस. पण प्रिम्युलाच्या बाबतीत या देवघेवीमागे जीवशास्त्रातले एक भक्कम कारण आहे.

प्रिमरोझच्या दोन वेगवेगळ्या झाडांची फुले शेजारी धरून पाहिली, तर पुष्कळदा त्यांची तोंडे सारखी दिसत नाहीत. एकाच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्यासारखा हिरवट ठिपका असतो. ती कुक्षी, म्हणजे परागकण स्वीकारणारा स्त्रीभाग. परागकोश खाली नळीत दडलेले असतात. दुसऱ्या फुलात नेमके उलटे. परागकोश तोंडाशी गोळा झालेले, तर कुक्षी खाली नळीत. पहिल्याला 'पिन' आणि दुसऱ्याला 'थ्रम' म्हणतात. थ्रम म्हणजे मागावरचे कापड कापून घेतल्यावर उरणारी सुताची टोके. ऑरिक्युला या प्रिम्युलाच्या देखण्या भावंडाची जोपासना उत्तर इंग्लंडमधल्या विणकरांनी हौसेने केली. त्यांच्या रोजच्या कामातला शब्द असा फुलाला चिकटलेला आहे.

फूलवेड्यांना हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक होता. तो कशासाठी आहे, हे मात्र चार्ल्स डार्विनने दाखवले. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. पिन फुलावर थ्रमचे पराग टाकले, किंवा थ्रमवर पिनचे, तर बी भरपूर धरते. पिनवर पिनचेच किंवा थ्रमवर थ्रमचेच पराग टाकले, तर ते फारच कमी धरते. पुढे आत्मचरित्रात डार्विनने लिहिले, की या फुलांच्या रचनेचा अर्थ उलगडल्यावर झालेला आनंद इतर कोणत्याही छोट्या शोधाने दिला नाही.

यामागची यंत्रणा साधी आणि चोख आहे. लांब सोंडेचा कीटक पिन फुलात सोंड घालतो, तेव्हा पराग सोंडेच्या टोकाकडे लागतात आणि पुढच्या थ्रम फुलात खोलवर असलेल्या कुक्षीला पोचतात. थ्रममधले पराग सोंडेच्या मुळाशी लागतात आणि पिन फुलाच्या उंच कुक्षीला मिळतात. शिवाय आपल्याच प्रकारचे पराग आले, तर झाड रासायनिक पातळीवर त्यांना अडवते. जवळच्या नात्यातली पैदास टाळण्याची ही युक्ती आहे.

हे ठरवणारी जनुके २०१६ साली हाती लागली. थ्रम झाडांच्या एका गुणसूत्रावर पाच जनुकांचा एक छोटा तुकडा असतो. पिन झाडांत तो नसतोच. त्यातले एक जनुक वनस्पतींच्या वाढीचे एक संप्रेरक मोडून टाकते, म्हणून थ्रममधला कुक्षीचा दांडा आखूड राहतो. थ्रममध्येही हा तुकडा बहुधा गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकावरच असतो. म्हणून पिन आणि थ्रमच्या संकरातून साधारण निम्मी झाडे पिन, निम्मी थ्रम निपजतात.

म्हणजे ज्याच्या बागेत एकच प्रिमरोझ आहे, त्याला बी जवळजवळ मिळणारच नाही. जोड हवी, आणि ती दुसऱ्या प्रकारचीच हवी. शेजाऱ्याने दिलेले रोप इथे उपयोगी पडते. जंगलात आणि कुरणांत हेच गणित जीवघेणे ठरते. कुरणे नांगरली गेली, झाडांचे घोळके लहान आणि एकाकी झाले, की योगायोगाने एक प्रकार दुर्मीळ होतो आणि बी धरणे घटते. म्हणूनच युरोपात काही ठिकाणी सामान्य नागरिक वसंतात प्रिमरोझच्याच नात्यातल्या काउस्लिपच्या फुलांत डोकावून पिन किती, थ्रम किती, याची मोजदाद करतात.

दुहेरी पाकळ्यांच्या प्रिमरोझची गोष्ट आणखी नाजूक. त्यांच्यात पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच आलेल्या असतात, त्यामुळे बी सहसा मिळत नाही. असे वाण टिकवण्याचा जुना मार्ग एकच, गड्डा फोडून वाटणे. एखाद्या वाणाची सगळी रोपे एकाच वाफ्यात असतील, तर एक कोरडा उन्हाळा किंवा मुळे कुरतडणाऱ्या सोंडकिड्याच्या अळ्या तो वाण कायमचा संपवू शकतात. दहा घरी पोचलेला वाण मात्र एका घरी मेला, तरी नऊ घरांतून परत मागता येतो.

बियांचेही तसेच. ताजे बी पेरले तर लवकर उगवते. वाळवून ठेवलेले झोपी जाते आणि त्याला काही आठवडे थंडी दाखवावी लागते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये फ्लॉरेन्स बेलिस यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीत इंग्लंडहून मागवलेल्या बियांपासून सुरुवात केली आणि हाताने परागण करत रंगांचे नवे वाण घडवले. १९६६ साली त्यांनी आपले बी इंग्लंडमधल्या एका कुटुंबाकडे सोपवले. पुढे ते फ्रान्समध्ये गेले आणि आजही तिथे जोपासले जाते. बी जिथून आले, त्या देशात ते अधिक रंगीत होऊन परतले.

देवघेवीत जपायच्या गोष्टीही आहेत. रोपासोबत मुळांवरचा मावा, विषाणू आणि सोंडकिड्याच्या अळ्याही पाहुण्या येतात. म्हणून जाणकार नवे रोप माती धुवून, काही आठवडे वेगळ्या कुंडीत ठेवतात. परदेशात रोपे किंवा बी पाठवायचे, तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. भारतात आणायलाही परवाना हवा, सामानात लपवून आणणे योग्य नाही. आणखी एक काळजी त्वचेची. घरात कुंडीत लावली जाणारी प्रिम्युला ऑबकॉनिका ही जाती पानांवरच्या केसांतून 'प्रिमिन' नावाचे द्रव्य सोडते. काहींना त्याने बोटांवर, चेहऱ्यावर खाज आणि फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला ती उठते. अशांनी हातमोजे वापरावेत किंवा प्रिमिन नसलेले नवे वाण निवडावेत.

प्रिम्युलाच्या कित्येक जाती मूळच्या हिमालयातल्या. गोल चेंडूसारख्या जांभळ्या फुलांची डेंटिक्युलाटा ही त्यातलीच एक. उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तराखंड किंवा सिक्कीमच्या उंचीवर जाणाऱ्या मराठी पर्यटकाला ओलसर उतारावर एखादी प्रिम्युला भेटली, तर ती उपटू नये. फुलाच्या तोंडात डोकावून टाचणी दिसते की सुताची टोके, तेवढे पाहावे आणि ते फूल त्याच्या जोडीदारापाशीच राहू द्यावे.