आधी कोणती रेघ?

चीनमधल्या प्राथमिक शाळेत नवं अक्षर वहीत उतरण्याआधी हवेत लिहिलं जातं. बाई फळ्यावर एकेक रेघ ओढतात आणि सगळा वर्ग तर्जनी उंचावून तीच रेघ हवेत काढतो, तिचं नाव मोठ्याने घेत. हंग म्हणजे आडवी, शू म्हणजे उभी, फ्ये डावीकडे उतरणारी, ना उजवीकडे उतरणारी. बीजिंगमधल्या आमच्या प्रौढांच्या वर्गातही बाईंनी असाच श्रीगणेशा करून घेतला. हवेत काही उमटत नाही, त्यामुळे लक्ष आकाराकडे न जाता हाताच्या चालीकडे राहतं.

मग वही. तिच्या प्रत्येक चौकोनात मधोमध एक आडवी आणि एक उभी तुटक रेघ असते. काही वह्यांत कर्णही आखलेले असतात. अक्षर दोन रेघांचं असो की वीस, त्याने तेवढ्याच चौकोनात बसायचं. नियम मोजके आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी नि उभी नंतर. ‘दहा’ हे अक्षर अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. त्यात आडवी पहिली. ‘माणूस’ दोन तिरप्या रेघांचा. त्यात डावीकडे उतरणारी पहिली. ‘लहान’ या अक्षरात मात्र मधली आकडेवाली उभी रेघ आधी येते. ती जागेवर बसली की दोन्ही बाजूंच्या छोट्या रेघांचा तोल साधतो.

‘देश’ या अर्थाचं ग्वो हे अक्षर आठ रेघांचं. आधी डावी भिंत. मग वरून जाऊन उजवीकडे खाली वळणारी दुसरी रेघ. कुंचला उचलत नाही, म्हणून वळण असूनही ती एकच. आत आडवी, आडवी, उभी, आडवी आणि ठिपका. तळाची रेघ सर्वांत शेवटी. आधी माणसं आत घ्या, मग दार लावा, असं शिक्षक सांगतात. आतला भाग किती खाली आला ते पाहून तळ ओढता येतो आणि अक्षर चेपत नाही.

छापील अक्षर समोर ठेवलं तर वाटतं, रेघा जागच्या जागी आल्या की झालं. क्रमाचं मोल कळतं ते हात भरभर चालू लागल्यावर. ‘नदी’, ‘सरोवर’, ‘समुद्र’ अशा अनेक अक्षरांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. वरचे दोन खाली उतरतात, तिसरा मात्र खालून वर उजवीकडे उसळतो, कारण पुढची रेघ तिकडेच सुरू व्हायची असते. घाईच्या लिखाणात दुसरा आणि तिसरा थेंब जोडले जातात. उरतो एक ठिपका आणि खाली येऊन वर वळणारी रेघ. हाताने लिहिलेल्या पाटीवर किंवा चिठ्ठीत हे रूप पाहिलं की क्रम गिरवलेल्या माणसाला पाणी लगेच ओळखू येतं. क्रम सोडून लिहिलं, तर घाईत रेघा भलतीकडेच जुळतात आणि वाचणारा अडतो.

बीजिंगच्या तियानतान उद्यानात सकाळी निवृत्त मंडळी टोकाला स्पंज लावलेल्या लांब कुंचल्याने फरशीवर पाण्याने लिहितात. मला हीच सर्वांत चांगली शाळा वाटली. कुंचला कुठे टेकला, कुठे थबकला, कुठे उचलला, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. मी निरखून पाहतेय हे लक्षात आल्यावर एका आजोबांनी ‘योंग’ हे अक्षर मुद्दाम सावकाश लिहून दाखवलं. पाचच रेघांचं हे अक्षर. पण सुलेखनाच्या परंपरेत त्यावरूनच कुंचल्याच्या आठ मूलभूत हालचाली शिकवतात.

कुंचला कुठे उचलायचा हे कळलं, की रेघा अचूक मोजता येतात आणि त्या मोजणीवर बरंच काही उभं आहे. १७१६ सालच्या कांगशी कोशात ४७,००० हून अधिक अक्षरं २१४ मूळ घटकांखाली रेघांच्या संख्येने लावली आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात ग्रीस आणि यजमान चीन वगळता बाकीचे देश चिनी नावातल्या पहिल्या अक्षराच्या रेघांप्रमाणे आले; म्हणून एरवी सुरुवातीला दिसणारा ऑस्ट्रेलिया जवळजवळ शेवटी आला. रेघांचा क्रम मात्र सगळीकडे एकच नाही. ‘राजा’ या अक्षरातली उभी रेघ चीनमध्ये तिसरी, तर जपानमध्ये दुसरी. चीनने १९९७ साली ७,००० प्रचलित अक्षरांचा प्रमाण क्रम जाहीर केला. एका समाजाने एकच क्रम पाळला, तरच एकाचं घाईचं अक्षर दुसऱ्याला लागतं.

आता फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की चिनी अक्षर समोर येतं, आणि लिहायला बसल्यावर अक्षर न आठवण्याची तक्रार चीनमध्येही ऐकू येते. तरीही नव्याने शिकणाऱ्याने हाताने लिहिणं टाळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. जुनं सुलेखन पाहतानाही त्याचा उपयोग होतो. वांग शीझ या सुलेखनकाराने इ. स. ३५३ मध्ये लिहिलेल्या ‘लानथिंगची प्रस्तावना’ या लेखाची मूळ प्रत आज नाही, पण तांग राजवटीच्या काळातल्या नकला आहेत. त्यांच्या छायाचित्रांवर बोट फिरवलं, की कोणती रेघ कुठून पुढच्या रेघेकडे वळली ते नवख्यालाही कळू लागतं. क्रम गिरवण्यात गेलेला वेळ केवळ लिहिण्यापुरता कामी येत नाही. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं वाचण्याची ताकद त्यातूनच येते.