सुखाचे घड्याळ आणि फवारणीचा घाम

मनगटावरचे घड्याळ आता वेळ सांगून थांबत नाही. ते नाडीचे ठोके मोजते, झोप मोजते, कातडीवरचा घाम आणि उष्णता मोजते आणि या सगळ्याची गोळाबेरीज करून माणूस ताणात आहे की मजेत आहे याचा आकडा दाखवते. काही कॅमेरे चेहऱ्यावरचे हसू वाचतात. खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली लिहून ठेवले. तेच निरीक्षण आज यंत्राच्या पोटात घातले गेले आहे. माणसाला विचारायचे कशाला, त्याचे शरीरच साक्ष देईल, असा हा विचार आहे.

हा विचार हसून सोडून देण्यासारखा नाही. निदान आपण बौद्धांनी तरी तसे करू नये. तथागताने सुखदुःख आकाशात शोधले नाही. धम्मात वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तीन वेदना सांगितल्या आहेत आणि सतिपट्ठानात काया पहिली, वेदना दुसरी येते. तुझे दुःख हे मागच्या जन्मीचे पाप आहे असे सांगणाऱ्या पुरोहितापेक्षा नाडी धरून बसणारा माणूस आपल्याला केव्हाही जवळचा. प्रश्न एवढाच की, तो कोणाची नाडी धरतो? आणि धरल्यावर पुढे काय करतो?

हा प्रश्न विचारायला यवतमाळ जिल्ह्यासारखी जागा नाही. २०१७ चा जुलै ते ऑक्टोबर आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी आली आणि तिच्यापाठोपाठ फवारणीचा सपाटा सुरू झाला. पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा. दाट पिकात शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच तुषार उडत होते. आपल्याकडे या विषालाही औषधच म्हणतात, ही भाषेची थट्टा नव्हे तर काय? जिल्ह्यात आठशेहून अधिक शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात भरती झाले, वीसहून अधिक दगावले. त्यात रोजाने दुसऱ्याच्या वावरात फवारायला जाणारे भूमिहीन होते.

या माणसांची शरीरे गप्प बसली नव्हती. दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, लागलेला श्वास. आता कल्पना करा की त्यांच्या मनगटावर ते सुखाचे घड्याळ बांधले आहे. घड्याळाने काय सांगितले असते? नाडी वाढली, घाम वाढला, एवढेच. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्याचाही घाम वाढतो, पोलिसाची काठी पाहणाऱ्याचाही वाढतो. घामावरून शरीर खवळले आहे एवढे कळते. आनंदाने, भीतीने की विषाने, हे घामाला सांगता येत नाही. त्यासाठी माणूस कुठून आला, काय करत होता आणि कोणाच्या वावरात होता, हे विचारावेच लागते.

ज्या मोजणीने खरेच काही कळले असते ती वेगळीच होती. नसेकडून स्नायूला गेलेला निरोप संपवण्याचे काम कोलिनेस्टेरेज नावाचे विकर करते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे या विकरालाच निकामी करतात. मग निरोप संपतच नाही. घाम, लाळ, अश्रू वाहतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. रक्तातले हे विकर किती उरले आहे ते साध्या तपासणीत कळते. मात्र प्रत्येकाचे मूळ प्रमाण निराळे असते, म्हणून फवारणीच्या हंगामाआधी एकदा आणि मग अधूनमधून रक्त तपासावे लागते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ही विषे हाताळणाऱ्या मजुरांसाठी १९७४ पासून असा नियम आहे. प्रमाण ठरावीक पातळीखाली गेले की मजुराला त्या कामावरून बाजूला काढतात. आपल्या जिल्ह्यात विषबाधेचा कहर चालू असताना या तपासणीची सोय नव्हती. फवारणाऱ्याच्या शरीराची पहिली सरकारी मोजणी शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली.

यंत्र जातपात पाळत नाही असे सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांनी कोरोनाकाळ आठवावा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी आले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले की रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असतानाही हे यंत्र तो ठीक असल्याचे दाखवते आणि ही चूक गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा होते. प्रकाश कातडीतून जातो, आणि यंत्राची पारख करताना कोणाची कातडी समोर ठेवली होती हे उघडच आहे. भर उन्हात वखरणाऱ्या माणसाच्या कातडीवर आनंद मोजायला निघालेल्यांनी हे आधी तपासावे.

आपल्या बाया वर्षानुवर्षे शरीरानेच बोलत आल्या आहेत. जीव घाबरतो, हातपाय गळतात, डोके भणभणते, रात्रभर डोळा लागत नाही. दवाखान्यात शक्तीची गोळी हाती देऊन त्यांना वाटेला लावतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच नोंदले आहे, तेव्हा गोळी चूक नव्हे. पण त्या गळण्यामागचे कर्ज, दारू आणि नवऱ्याची आत्महत्या त्या गोळीत मावत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारले, ऐकले, वाट दाखवली. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. तिथे कोणाच्या मनगटाला काही बांधावे लागले नाही.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळाली. शरीर थकते, ही गोष्ट त्यांनी कायद्याला मान्य करायला लावली. शेतमजूर मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिला, तो आजही बाहेरच आहे. म्हणून मागणी करायचीच असेल तर ती अशी करू या. मृग लागण्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी व्हावी, हंगामात ती पुन्हा व्हावी, आणि ज्याचे प्रमाण घसरले त्याला काम थांबवल्याच्या दिवसांची मजुरी मिळावी. ही नोंद सातबाऱ्यावरून करू नये. आत्महत्येनंतरच्या मदतीसाठीसुद्धा सातबारा पाहतात, आणि फवारणाऱ्याकडे तो नसतो. त्याच्याकडे पंप असतो, तोही बहुतेक वेळा मालकाचा.